शेंगांच्या घरी अंडी

मल्हारनं चूक केली ती एका शब्दाची, आणि तीही फॉर्म नीट भरायच्या नादात.

कुंडल गावाच्या पुढं, डोक्याच्या वर गेलेल्या उसातून जाणाऱ्या गाडीवाटेच्या टोकाला एक घर आहे. शनिवारी दुपारी त्यानं तिथं मोटरसायकल लावली, हँडलची टोपली काढून हातात घेतली. ओसरीवर आठवा महिना सरत आलेली सून, क्रांती, तांदूळ पाखडत होती. शेजारी सासू राहीबाई जप करत होत्या. मल्हारनं घसा साफ केला आणि कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये पाठ केलेलं भाषण म्हणावं तसं म्हणाला, "हरणामावशीनं विचारलंय, अंडी किती उरलीत?"

क्रांतीच्या हातातलं सूप पडलं. तांदूळ ओसरीभर झाले.

राहीबाईंनी आधी सुनेकडं बघितलं, मग मल्हारकडं, आणि मग गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला.

"कोण रं तू?"

"अंडीवाल्या मावशीचा भाचा."

"आन् आमच्यात अंडी कवापासनं उराय लागली?"

मल्हारला खरं तर तेव्हाच घाम फुटायला हवा होता. पण तो हसला. 'चुकून आलो' म्हणाला, टोपली अडकवली आणि निघाला. वाटेत टॅबवर त्या घरासमोर 'भेट पूर्ण' अशी खूणही केली.

आता हे अंड्यांचं प्रकरण काय, ते सांगायला हवं. त्यासाठी हरणाबाई सांगायला हवी.

हरणाबाई आटपाडीकडच्या कोरड्या मुलखातली, मेंढरांमागं वाढलेली. वय बावन्न. नवरा तानाजी कोइमतूरला गलाईच्या कामावर होता. गलाई म्हणजे सोनं-चांदी आटवून शुद्ध करायचं काम. त्या भागातली निम्मी घरं त्यावर उभी आहेत. तानाजीनं दहा वर्षं तिथं सोनं आटवलं, आणि परत आला तेव्हा स्वतःच आटलेला होता. आठ महिन्यांत गेला. मग हरणाबाईचं रक्त तपासलं. एचआयव्ही निघाला. लहान लेक होती, म्हणून तिनं रडायचं पुढं ढकललं आणि गोळी सुरू केली. त्याला वीस वर्षं झाली. आता रोज एक, सकाळच्या चहानंतर. गावाला सांगितलं, थायरॉईडची आहे. थायरॉईड म्हणजे काय हे गावाला ठाऊक नव्हतं, तिलाही नव्हतं, त्यामुळं ते टिकलं.

पुढं सांगलीच्या औषध केंद्रातल्या सिस्टरनं तिला कामाला लावलं. गोळ्या घ्यायला यायचं कुणी थांबलं की हरणाबाईनं त्याला हुडकायचं. कुणाला घराबाहेर पडता येत नसेल तर बाटली घरपोच करायची. अशी अकरा घरं तिच्याकडं होती. डोक्यावर गावठी अंड्यांची टोपली. टोपलीवाली बाई कुठल्याही उंबऱ्याला टेकली तरी कुणी 'का आलीस' म्हणून विचारत नाही. "अंडी किती उरली गं?" असं ती विचारायची. सासूला ते अंड्यांचं वाटायचं, सुनेला गोळ्यांचं कळायचं. 'सहा' म्हटलं की सहा दिवसांच्या आत पुढची बाटली टोपलीच्या तळातून यायची.

पण सगळ्या घरांत अंडी चालत नाहीत. एका घरात ती 'लोकर' म्हणायची. आणि राहीबाईंच्या माळकरी घरात 'शेंगा'. हे सगळं तिच्या डोक्यात होतं, कारण तिला लिहिता येत नव्हतं.

मल्हारला मात्र लिहिता यायचं, हाच घोटाळा. विश्रामबागच्या कॉलेजातून समाजकार्याची पदवी घेतलेला हा चोवीस वर्षांचा गडी 'एचआयव्ही प्रतिबंध कार्यक्रमाचे बळकटीकरण' अशा मथळ्याच्या पत्रावर कंत्राटी म्हणून लागला. बळकटीकरणात त्याला एक टॅब, एक टोपी आणि छातीवर लाल फीत छापलेला टी-शर्ट मिळाला. टी-शर्ट हरणाबाईनं पहिल्याच दिवशी काढायला लावला. "ह्यो घालून कुणाच्या दारात गेलास, तर दवंडी पिटायची गरज न्हाई." टॅबमध्ये 'सांकेतिक शब्द' असा रकाना होता आणि त्यात एकच शब्द बसत होता. मल्हारनं अकराही घरांसाठी 'अंडी' भरून टाकलं. सुटसुटीत.

त्या आठवड्यात केंद्राच्या पायरीवर हरणाबाईचा पाय मुरगळला. टोपली त्याच्याकडं देताना तिनं बजावलं होतं, "कुंडलात शेंगा म्हण हं. तितं माळ हाय." तो 'हो मावशी' म्हणाला. मग दारात उभा राहून त्यानं टॅब बघितला.

सोमवारी क्रांतीचा फोन बंद लागला. मल्हारनं तिच्या नवऱ्याला, जयराजला, शिरवळला फोन लावला. तो तिथल्या कारखान्यात कामाला. त्यालाही हाच आजार, आधी त्याचाच निघाला होता. नवरा-बायको दोघंही गोळ्या घेत होते आणि घरात कुणालाही, विशेषतः आईला, पत्ता नव्हता.

"तुम्ही काय केलंय हे?" जयराज कँटीनच्या मागं जाऊन कुजबुजत होता. "सून चोरून अंडी खाती म्हणून आईनं सगळं घर उपसलं. पिठाच्या डब्यात बाटली गावली. कसल्या गोळ्या म्हणून विचारलं, तर क्रांती रडाय लागली. आईनं बाटली गोबरगॅसच्या टाकीत टाकली. फोन काढून घेतलाय. गुरुवारी तिला आटपाडीला नेणार, माझ्या मावशीच्या मळ्यावर. बाळंतपण तिकडंच."

"मग तुम्ही आईला सांगा ना."

"काय सांगू?" आणि फोन कट.

मल्हारनं हे हरणाबाईला सांगितलं तेव्हा ती खाटेवर पाय लांब करून बसली होती. ती ओरडेल म्हणून तो तयारीत होता. ती ओरडली नाही. त्यानंच त्याला जास्त भीती वाटली.

"किती दिस झालं गोळीला?"

"शनिवार, रविवार, आज. तीन."

हरणाबाईनं सिस्टरला फोन लावायला लावला. सिस्टर म्हणाली, तीन-चार दिवसांनी लगेच सगळं हातचं जात नाही. पण शेवटच्या महिन्यात गोळी तुटली, रक्तातला विषाणू वाढला, तर बाळाला लागण व्हायची भीती असते. बाळंतपण जिथं आजार ठाऊक आहे तिथंच व्हायला हवं, कारण जन्मल्याबरोबर बाळालाही औषध लागतं. आटपाडीच्या मळ्यावर कुणालाच ठाऊक नसेल.

"मी जातो," मल्हार म्हणाला. "राहीबाईंना नीट बसवून समजावतो."

"काय समजावशील? तुमच्या सुनेला हाय म्हणून? आरं, कायदा तूच मला वाचून दावलास. तिनं हो म्हटल्याबिगर कुणाला सांगायचं न्हाई."

"मग?"

"गाडी काढ."

मंगळवारी सकाळी दोघं निघाले. हरणाबाईचा सुजलेला पाय हवेत लोंबत होता आणि मांडीवर टोपली. आज तिच्यात अंडी नव्हती. वर भुईमुगाच्या शेंगा, तळाला पांढरी बाटली. पलीकडच्या शेतात तोड चालली होती. कोयत्यांचे आवाज येत होते, माणसं दिसत नव्हती. गाडीवाट एवढी अरुंद की उसाची पाती दोन्ही बाजूंनी गालाला लागत होती. शनिवारी हीच वाट मल्हारला फोटो काढण्यासारखी वाटली होती.

घरासमोरचा कुत्रा भुंकला नाही. नुसता उठून उभा राहिला.

खिडकीच्या गजांमागं क्रांती दिसली. एक हात गजावर, एक पोटावर. राहीबाई उंबऱ्यात बसल्या होत्या. जणू शनिवारपासून तिथंच बसल्या होत्या.

"आलीस व्हय अंडीवाली?"

"अंडी न्हाईत आज आक्का. शेंगा हायत."

"बस." राहीबाईंनी तिला वर बोलावलं नाही. हरणाबाई पायरीवर टेकली. मल्हार गाडीपाशीच थांबला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला गप्प बसायचं सुचलं.

"माजा थोरला भाऊ बी गलाईला हुता," राहीबाई म्हणाल्या. आवाज अगदी सपाट, भाजीचा भाव सांगावा तसा. "विट्याकडचं माहेर माजं. भाऊ आला तवा हाडं उरल्याली. वडलांनी गोठ्यात ठेवला त्येला. मी जेवान न्यायची. ताट काठीनं फुडं ढकलायची, लांबनं. त्येच्या उशाशी असलीच पांढरी बाटली हुती. लय उशिरा आणल्याली." त्या थांबल्या. "माज्या पिठाच्या डब्यात ती कशी आली?"

खिडकीतला हात गजावरून निघाला.

आता 'हो' म्हटलं तरी ती पोर गेली, 'नाही' म्हटलं तरी गेली. गोठा इथंही होता, मोकळाच. दावणीला एकच म्हैस.

हरणाबाईनं पदराखालून कमरेची चंची सोडली. आतून बाटली काढली. तशीच पांढरी, तशाच झाकणाची.

"ती माजी बाटली हुती, आक्का."

"काय?"

"ह्यी बगा. ह्यी चालू हाय, ती फुडची. वीस वरसं झाली मला. नवरा गलाईला हुता माजा. घरात सून आल्या, ती सगळं उचकती, लपवाय जागा न्हाई. म्हणून तुमच्या सुनंला म्हटलं, एवढी ठेव माजी. तिनं मला दया दावली, तिचा काय गुन्हा न्हाई." तिनं झाकण फिरवलं, एक गोळी तळहातावर घेतली. "आजची घ्यायची ऱ्हायल्या. पाणी द्या वाईच."

हरणाबाईला सून नव्हती. एकच लेक, तीही कधीच सासरी गेलेली. आणि आजची गोळी तिनं सकाळी मल्हारच्या देखतच घेतली होती. तळहातावरची ती दुसरी होती.

राहीबाईंनी गोळीकडं बघितलं. मग आत गेल्या. स्टीलच्या फुलपात्रात पाणी आणलं, उंबऱ्यावर ठेवलं आणि दोन बोटांनी पुढं सरकवलं. सरकवताना त्या एकदम थबकल्या, स्वतःच्या बोटांकडं बघत राहिल्या.

हरणाबाई गोळी गिळून सगळं पाणी प्यायली. फुलपात्र परत ठेवायला गेली.

"ऱ्हाऊ दे," राहीबाई म्हणाल्या. "ने ते."

हरणाबाईनं ते पदरानं पुसलं आणि टोपलीत ठेवलं. तळातली नवी बाटली काढून पायरीवर ठेवली. "ह्यी बी माजीच. तिच्यापाशी ऱ्हाऊ द्याल का? रोज एक कमी झाल्याली दिसंल त्यात. ती कशी, ते इचारू नगा."

राहीबाईंनी बाटली बघितली. मग खिडकीकडं न बघता म्हणाल्या, "क्रांते, ह्यी उचल. पिठात नगो ठेवू. पीठ माज्या हातात असतंय."

गुरुवारी आटपाडीला कुणी गेलं नाही. वीस दिवसांनी क्रांती सांगलीच्या दवाखान्यात बाळंत झाली. मुलगी. जन्मल्याबरोबर तिला औषधाचे थेंब दिले. सहा आठवड्यांनी टाचेतून रक्त घेऊन कागदावर ठिपके पाडले आणि तपासणीला पाठवले. ते ठिपके गेल्यापासून निकाल येईपर्यंत मल्हारला कुठल्याही फोनची रिंग वाजली की दचकायला व्हायचं. निकाल आला: विषाणू आढळला नाही. तो नाचायच्या बेतात असताना सिस्टर म्हणाली, "आत्ता नाही. सहा महिन्यांची बाकी आहे. मग दीड वर्षाची. त्या चार दिवसांचं खरं उत्तर तेव्हा."

दरम्यान दुसरं एक उत्तर आलं होतं. हरणाबाईची अंडी कुणी घेईना. आधी कुंडलात, मग शेजारच्या दोन गावांत. टोपली बघून बायका दारं लोटून घेत. दुकानदारानं सुट्टे पैसे हातात द्यायचं सोडून फळीवर ठेवायला सुरुवात केली. अकरा घरांतल्या तिघींनी सांगून पाठवलं, मावशी, येऊ नका. त्यातल्या दोघींच्या बाटल्या आता मल्हार एसटी स्टँडवर देतो. तिसरी येतच नाही. तिचं दार कुणी वाजवायचं, हे बळकटीकरणाच्या पत्रात लिहिलेलं नाही.

परवा तो राहीबाईंच्या मळ्यात गेला, बाळाच्या पुढच्या तपासणीची तारीख द्यायला. टॅब बंद करून. ऊस तुटला होता. घर लांबूनच दिसत होतं, आणि घरातूनही सगळं दिसत होतं. राहीबाई नातीला मांडीवर पालथं घालून तेल लावत होत्या. हातानं. घसघसून.

"तुजी मावशी येत न्हाई?"

"त्यांची अंडी कुणी घेत न्हाई आता."

राहीबाईंचा हात थांबला. "मी एकीलाच सांगिटलं हुतं," त्या म्हणाल्या. "जावंला. आन् तिला बी शपथ घालून."

मल्हारनं तारखेचा कागद ओसरीवर ठेवला. त्यानंही एकच शब्द चुकवला होता.

तो गाडीला किक मारत होता तेव्हा मागून हाक आली. "आरं ए! मावशीला सांग, शेंगा संपत आल्यात. आठ उरल्यात."

त्यानं वळून बघितलं. राहीबाईंनी मान खाली घातली होती.

"आन् ते फुलपात्र..." त्या म्हणाल्या, पण पोर रडायला लागली आणि त्या तिला घेऊन आत गेल्या.

हरणाबाईच्या घरी ते फुलपात्र फळीवर आहे, पालथं. ती त्यातून पाणी पीत नाही, कुणाला देतही नाही. मल्हारनं ते खाली काढलं. "उद्या जाताना नेऊन देऊ का मावशी? त्यांचंच आहे."

"मागितलं व्हय तिनं?"

"अर्धंच बोलल्या."

हरणाबाईनं त्याच्या हातातून ते घेतलं आणि परत फळीवर पालथं घातलं.

"मग अर्धं ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तू शेंगांचं बग. आठच उरल्यात."