पट्ट्याचा एक दात

काम हातात घेण्याआधी घरतकाका आपल्याला काय येत नाही ते सांगत. रोह्याला आमच्या शेजारी राहणारे हे धाटावच्या कंपनीतले निवृत्त फिटर. कंपनी दुरुस्तीसाठी बंद ठेवली की त्या शटडाऊनच्या कामांना कंत्राटदार अजूनही त्यांनाच बोलवायचा. माझ्या गाडीचं बॉनेट उघडल्यावर ते म्हणाले, "कंप्रेसर लय खोलले. टर्बोचं इंजिन खोललं नाय. हळू करू, पन करू."

घाई मला होती. बाबांना आठवड्यातून दोनदा डायलिसिसला पेणला न्यावं लागे. बस त्यांना सोसत नव्हती. इंजिनातला टायमिंगचा दातेरी पट्टा चिरला होता, गॅरेजवाला आठ दिवसांनी या म्हणत होता आणि मंगळवार परवावर आला होता. पट्टा वाटेत तुटला तर इंजिनाचे व्हॉल्व पिस्टनवर आपटणार, आणि बाबा हायवेवर अडकणार. दोन दिवस मला दुसरं काही सुचत नव्हतं.

रविवारी सकाळी अंगणात आम्ही चाक काढलं, कव्हर काढलं. टर्बोचा पाइप बाजूला करताना काकांनी त्याचं तोंड स्वच्छ फडक्यानं बांधलं. "आत एक नट पडला तं खेल खलास." जुना पट्टा निघाला. नवा चढवताना तो ज्यांवरून फिरतो त्या वरच्या आणि खालच्या दातेरी चक्रांवरच्या खुणा जुळवायच्या असतात. काकांनी वाकून पाहिलं, डोळे बारीक केले, पुन्हा पाहिलं. "बसला," म्हणाले. मी खिशातून गाडीची चावी काढली.

"चावी नाय लावायची. हातानं दोन फेरे फिरव."

मी पान्यानं इंजिन फिरवलं. दोन फेरे झाले. खालची खूण जागेवर होती, वरची किंचित पुढे. काकांची चूक काढायची कशी?

"जुळली?"

"जवळजवळ."

"जवळजवळ म्हंजे जुळली नाय." त्यांनी चष्मा पुसला आणि ते खूप वेळ वाकून पाहत राहिले. मग सरळ होत म्हणाले, "एक दात चुकला. मीच चुकलो, बाला. मला खून दिसलीच नवती. अंदाजानं बोललो."

आम्ही सगळं पुन्हा सोडवलं. या वेळी खुणा मी वाचल्या, ते नुसते विचारत राहिले. पुन्हा दोन फेरे. जुळल्या. मी चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, तरी काका पंधरा मिनिटं कान लावून उभे होते.

मंगळवारी ते स्वतःहून गाडीत बसले. पेणला दवाखान्याच्या दारात त्यांनी बाबांचा हात धरला. "तात्या, परवा माजी चूक झाली व्हती. पोरानं पकडली."

बाबा थकलेलं हसले. "पोचलो ना? शनिवारी पण या."

बाबांना आत सोडून मी बाहेर आलो तेव्हा काका फोनवर कंत्राटदाराशी बोलत होते. "यापुढं मला बोलवू नको. नजर गेली माजी." चाळीस वर्षांचं काम त्यांनी दोन वाक्यांत सोडलं.

मला अपराधी वाटलं. "काका, तुमच्या-माझ्याशिवाय कुणाला कळलं असतं?"

त्यांनी फोन खिशात टाकला. "तुला ठावं हाय, मला ठावं हाय. आनखी किती जन लागतात?"

बाबा होते तोवर दर मंगळवारी, शनिवारी ते सोबत आले. बाबांच्या मागून वर्षभरात तेही गेले.