धवलारणीची तबकडी

पोस्टात पार्सलवर लाख तापवली की मला निर्वासितांच्या वसाहतीतलं, कॅम्प पाचमधलं गाण्यांच्या तबकड्यांचं दुकान आठवतं. तबकड्या लाखेच्याच असत. जुनी दिली की ती वितळवायला जाई आणि नवी स्वस्तात मिळे. मी दहा वर्षांची होते. सिनेमाची तबकडी हवी म्हणून आईबरोबर घरातली धवल्यांची जुनी तबकडी घेऊन गेले. तिच्यावरची ती लग्नाची गाणी, धवले, गाणारी मोरिवलीची म्हातारी धवलारीण नेमकी दुकानात बसली होती. कंपनीने तिला मुंबईला नेऊन तिचं गाणं तबकडीवर भरून घेतलं होतं, पण स्वतःचा आवाज तिने कधी ऐकला नव्हता, आणि दुकानातल्या तिच्या तबकड्या न खपल्याने केव्हाच परत गेल्या होत्या. आमची पाहून ती दुकानदाराला म्हणाली, "येक डाव लाव ना रं बाला." "माई, सुई घिसती है," तो म्हणाला. आई हसली, "गळा आहे ना तुझ्याकडे? घरी जाऊन गा." मग मला म्हणाली, "दे गं." मी दिली. जुनी पुन्हा विकू नये म्हणून गिऱ्हाइकासमोरच मोडायची रीत होती. त्याने ती टेबलाच्या कडेवर आपटली. म्हातारीने एक तुकडा उचलला, तर तोही त्याने तिच्या हातातून काढून घेतला. एक बाजू जेमतेम तीन मिनिटं वाजायची. नवी मी त्या दुपारी दहा वेळा लावली, आणि खरं सांगायचं तर मला मजा आली.