चवचाल म्हणजे काय?

एकोणीसशे तिसाच्या सुमाराची गोष्ट. रिठदच्या पंचफुलेचा नवरा तापानं गेला, तेव्हा वावरात कापूस फुटलेला होता. वेचणी तिनं उरकली. पण वाशीमच्या बाजारात नेणार कोण? दीर जगदेव म्हणाला, "मी नेतो. वावरबी यापुढं मीच पाहीन."

पहाटे उठून पंचफुलेनं स्वतः बैल जुंपले, काष्टा खोचला आणि बंडी हाकत वाशीम गाठलं.

ती परत येईपर्यंत गावभर एकच शब्द फिरत होता, चवचाल. विहिरीवर बाया कुजबुजल्या. जगदेवनं तर थेट चावडीवर तक्रार नेली. बबनराव पाटलांनी तिला बोलावलं.

"असं चवचाल वागणं या गावात चालणार नाही. बंडी हाकणं सोड, नाही तर वाळीत टाकू."

"थांबा पाटील. चवचाल म्हणजे काय, ते आधी सांगा."

"साऱ्या गावाले ठाऊक हाय."

"मले नाही ठाऊक."

एक जण म्हणाला, मोठ्यानं हसते ती. दुसरा म्हणाला, परक्या माणसाशी बोलते ती.

"बाजारातल्या जब्बारभाईले म्या कापसाचा भाव पुसला, हेच ना? तुमीबी पुसता. मंग तुमी चवचाल का?"

कोणीतरी फिस्सकन हसलं. पाटील तडकले, "तो शबुद माणसाले लागत नाही!"

"काहून?"

पाटलांनी जगदेवकडे पाहिलं.

"अर्थ सांगता येत नाही अन् शिक्षा सांगता? जगदेवले माहं वावर पायजे. तेवढं सरळ म्हणा ना!"

तिला वाळीत टाकलंच. कोणी मजूर तिच्याकडे फिरकेना. पुढच्या बाजाराला ती बंडी जुंपत होती, तर डोक्यावर कापसाचं गाठोडं घेऊन जगदेवची बायको मनकर्णा आली आणि बंडीत चढून बसली.

"उतर खाली! लोक काय म्हणतील?" जगदेव ओरडत मागं धावला.

"चवचाल म्हणतील. वैनीले म्हणून झालं, आता मले म्हणा!"

नाल्यापर्यंत तो शिव्या देत आला. पंचफुलेनं बैल थांबवले नाहीत.

त्या साली तिची तूर दोघी जावांनीच विळे घेऊन सोंगली. वावर तिच्याकडेच राहिलं. जगदेव पुढं मरेपर्यंत तिच्याशी बोलला नाही. तिचंही त्यावाचून काही अडलं नाही.