अरुंद गळ्याची कुंडी

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवणाऱ्या त्या गृहस्थांना सगळे 'सावकाश सर' म्हणत. शिकाऊ माणसाने गाडी भिंतीवर नेली, तरी आपल्या बाजूचा ब्रेक दाबून ते एवढंच म्हणत, "सावकाश." घरातही त्यांचा आवाज कधी चढला नाही. ते खातं बायकोकडे होतं.

बैठकीच्या खिडकीत स्पायडर प्लांट होता, निळ्या चिनीमातीच्या कुंडीत. पोट मोठं, गळा अरुंद. कुंडी बायकोच्या ताईने दिलेली. आईला कुणी ठेवून घ्यायचं यावरून दोघी बहिणींचं बिनसलं होतं, ते आई गेल्यावरही मिटलं नव्हतं. मग एकदा ताई आली, कुंडी टेबलावर ठेवली आणि पाणीही न पिता गेली. त्यावर कुणी काही बोललं नाही, पण येणंजाणं सुरू झालं. तेव्हापासून कुंडीला घरात जावयाचा मान होता.

यंदा झाडाने मान टाकली. पानांची टोकं करपली. घातलेलं पाणी वरूनच ओघळून जाई. सरांनी बोटाने माती उकरली, तर माती उरलीच नव्हती. जाड पांढरी मुळं एकमेकांत गच्च बसली होती.

"कुंडी बदलायला हवी," ते म्हणाले.

"बदला की. पण हिला तडा जाता कामा नये."

सरांनी कुंडी बादलीत भिजवली. कडेने सुरी फिरवली. बाळाची ढेकर काढावी तशी उलटी धरून थोपटली. ढेकर आली नाही. शेवटी त्यांनी ओढून पाहिलं, तेव्हा मूठभर पानं हातात आली आणि आतून बायको म्हणाली, "काय तोडलंत?"

ताई आली तेव्हा सर कुंडी मांडीवर घेऊन बसले होते.

"हे काय?"

"कुंडी फोडली तरच झाड जगेल," सर म्हणाले. "ही फोडू देत नाही."

"का गं?" ताईने विचारलं.

"तू दिलीस म्हणून. दुसरं काय दिलंयस तू मला?"

बोलून गेल्यावर बायकोने पदर उगाच सारखा केला. ताईने चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"आईचं सगळं तू केलंस. मला ते तोंडाने म्हणता येईना, म्हणून कुंडी आणली." मग कुंडीकडे बघत ती म्हणाली, "सेलमधली आहे."

"मला वाटलं, तुझ्याकडे ठेवायला जागा नव्हती."

"ती पण नव्हती."

बायको उठली. तिने कुंडी जुन्या टॉवेलात गुंडाळली आणि हातोडीचा एकच घाव घातला. मग दोघी जमिनीवर कागद पसरून बसल्या. मुळं सोडवली, कुजलेली कात्रीने कापली, झाडाचे तीन भाग केले आणि भोकं असलेल्या मातीच्या कुंड्यांत लावले. माती किती घालावी यावरून वाद झाला. सरांना कुणी विचारलं नाही.

एक कुंडी ताईला दिली. सर तिला स्कूलच्या गाडीतून सोडायला निघाले. कुंडी मांडीवर धरून ती वाटभर रडली. सरांनी आरसे नीट पाहिले आणि उतरताना सांगितलं, "माती वाळल्याशिवाय पाणी घालू नका."

ताईचं झाड काही दिवस रुसलं, मग फुटलं. घरातलं एक मात्र कुजून गेलं. बायको ताईशी फोनवर बोलायला खिडकीपाशीच उभी राहायची आणि बोलता बोलता झाडाला पाणी घालायची; आणि फोन आता रोज होई. दुसरं सरांनी वेळीच उचलून बाथरूमच्या खिडकीत ठेवलं. तिथे ते बरं आहे.