उघड्या गाडीचं छत

माथेरानला मोटारी जात नाहीत. तिथं माणसानं ओढायच्या रिक्षा आहेत. त्या रिक्षांची मिटणारी छतं नेरळचे कमालभाई शिवायचे. बाजाराच्या टोकाला त्यांचं दुकान होतं. एक शिलाई मशीन, एक पाट आणि मेणातेलाचा वास. मी मराठी घेऊन बीए झालो होतो. नोकरी नव्हती, म्हणून तिथं जाऊन बसायचो. ते माझ्याहून तीस वर्षांनी मोठे. मला हाक मारायचे ती 'बीए' अशीच.

चौऱ्याहत्तरच्या मे महिन्यात दुकानासमोर फ्रामजी शेट आणि त्यांच्या बायको आलूबाई यांची गाडी थांबली. कर्जतला नदीकाठी बंगला असलेलं हे पारशी जोडपं. गाडी इटलीहून आलेली, दोन माणसांची, फिकट निळी, छत मागं दुमडणारी. तरी आमच्याकडे तिला कुणी मान देत नसे. नाव फियाट, आणि फियाट म्हणजे टॅक्सी. वर फाटकं कापड. रेल्वेच्या इंजिन-शेडमधला हरकाम्या खलाशी मोरू म्हणायचा, "बकरी सुदिक मावायची नाय तिच्यात."

आलूबाई उतरल्या. "हा छत बघ, कमाल. चार पावसाळा मी गाडीच्या आत छत्री उघडून बसली. आता एक टिपूस पडला ना, तर गाडी विकणार. चार दरवाजाची घेणार."

फ्रामजी शेटनी स्टिअरिंगवरचा हात काढला नाही.

"जाड ताडपत्री लाव," बाई म्हणाल्या. "खिळे मारून कायमचा बसव."

"मंग उघडायची कशी?" कमालभाईंनी विचारलं.

"उघडायची कशाला?"

कमालभाईंनी मला हाक मारली. "हिकडं ये रं बीए. हात लाव."

त्यांनी माझा पंजा पुढच्या दिव्यावर ठेवला आणि मागं नेला. दारावरून, सीटच्या बाजूनं, मागच्या दिव्यापर्यंत.

"कुटं अडला हात?"

नव्हता अडला.

"ज्यानं पत्रा वाकवला त्यानं एका दमात वाकवलाय. त्याच्यावर ताडपत्रीचं गाठोडं ठेवायचं? घोडीच्या पाठीवर भाताचं पोतं!"

ती गाडी मी चार वर्षं येता-जाता पाहत होतो. त्याच चार वर्षांत सौंदर्यावर तीन निबंध लिहिले होते, एकाला बक्षीसही मिळालं होतं. कमालभाई चौथी शिकलेले. मी हात खिशात घातला.

अडचण साधी होती. जाड कापड गळत नाही, पण सीटमागच्या खोबणीत मावत नाही. पातळ कापड मावतं, पण सुईच्या भोकांतून गळतं. कमालभाईंनी तंबूचं पातळ कापड घेतलं. त्याला तीनदा अळशीचं तेल आणि मेण पाजलं. मी कौतुकानं कल्याणहून नायलॉनचा दोरा आणला. त्यांनी तो बाजूला ठेवला. "बळकट हाय, पण मुका हाय. सुताचाच पायजे." आणि मशीनवर सुताचं रीळ चढवलं.

बाई दुमडत्या छताला कबूल झाल्या, पण पंधरा दिवसांनी परीक्षा ठरली. पावसाची वाट पाहायला बाई तयार नव्हत्या. माथेरानच्या छोट्या आगगाडीच्या इंजिनात पाणी भरायचा मोठा नळ शेडजवळ होता. त्याखाली गाडी उभी केली. आलूबाई आत बसल्या आणि मला शेजारी बसवलं. "हा शिकलेला आहे. खोटा बोलणार नाही." फ्रामजी शेट पाठ करून उभे राहिले.

मोरूनं चक्र फिरवलं. डोक्यावर धबधबा कोसळला. काचांपलीकडचं जग विरघळलं.

आणि माझ्या नाकावर थेंब पडला. मग बाईंच्या मांडीवर. मग शिवणीच्या रेषेत ओळीनं आठ-दहा.

"आला पाणी! आला!" बाई ओरडल्या. "बंद कर! फ्रामजी, विकली गाडी!"

मोरूनं घाबरून चक्र उलटं फिरवलं. पाणी थांबलं. फ्रामजी शेटचे खांदे खाली आले.

"मोऱ्या, बंद का केलंस रं?" कमालभाई ओरडले. "सोड पानी!"

"बाय वरडत्यात!"

"वरडू दे! सोड!"

पुन्हा धबधबा. पुन्हा थेंब. कमालभाई भिजत काचेला तोंड लावून म्हणाले, "बाई, जरा दम धरा. सुताचा दोरा पानी पितो, मंग फुगतो; नायलॉन मुका, पीत नाय. भोक भरूस्तवर टिपकनार."

बाईंनी मनगटावरचं घड्याळ वर केलं. मी शिवणीकडे पाहत राहिलो. एका भोकाला थेंब लोंबला, फुगला, पडला. दुसऱ्याला लोंबला, पण पडला नाही. तसाच राहिला. बाकीची भोकं एकेक करून मिटली. वर नुसता गडगडाट, आत कोरडं.

"चार मिनिट," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "पडतो का?"

"नाही," मी म्हणालो.

त्या आणखी सहा मिनिटं बसल्या. मोरू चक्र धरून उभा होता. मग त्यांनी दार उघडून साडीचा पदर झाडला. "फ्रामजी, इकडे बघ. विकायचा नाही."

फ्रामजी शेट लगबगीनं छत दुमडायला धावले. कमालभाईंनी त्यांचा हात धरला. "वल्ल्या कापडाची घडी नाय करायची शेट. वाळू द्या."

म्हणून आम्ही सगळे उन्हात गाडीभोवती बसलो. मोरूनं चहा आणला. बाईंनी विचारलं, "किती वरस टिकेल?"

"छत हाय दहा वरसाचं," कमालभाई बशीत चहा ओतत म्हणाले. "गाडीनं टिकायला पायजे."

बाई मनापासून हसल्या. फ्रामजी शेट अजिबात हसले नाहीत. ते उठले, पुढे गेले आणि बॉनेट उघडून आत पाहू लागले.