डिक्कीतली पेटी

मुलगी पाहाले गेलेला माणूस मुलगी पाहते. मी गाडी पाहत बसलो.

काटोलचं घर होतं. दारात काळी अॅम्बेसेडर उभी, टॅक्सीची, पण नवरदेवावाणी धुऊनपुसून ठेवलेली, अन् तिच्यात टेप लावलेला. त्या वक्ताले टॅक्सीत टेप म्हणजे मोठीच गोष्ट. गाडी मुलीच्या भावाची. बाप नव्हता, म्हणून सारी विचारपूस तोच करे. आई दाराच्या चौकटीले टेकून सुपारी कातरून राहिली होती. माझ्याकडून माझी मोठी बहीण आली होती, कारण मले एकट्याले सोडलं तं मी काय बोलन याचा तिले भरवसा नव्हता.

भाऊ म्हणे, "काय करता पाव्हणे?"

आता मी काय करो? नागपूरले मार्केटात संत्र्याच्या पेट्या ठोको. फळी कापायची, खिळे मारायचे, दोन फळ्यांच्या मधात एक बोट फट सोडायची. फट असली तं आत हवा खेळते, संत्रं सडत नाही. दुसरीत असतानी मास्तरनं मले वर्गाबाहेर उभं केलं होतं, मी तिथूनच घरी आलो तो पुन्हा गेलोच नाही. तवापासून हेच.

पण त्या चकचकीत गाडीसमोर संत्र्याची पेटी म्हणाले तोंड उघडेना. मी म्हणलं, "साऊंडच्या पेट्या बनवतो. गाडीतल्या."

बहिणीनं माझ्या मांडीले असा चिमटा काढला का चहा बशीतून सांडला. पण भाऊ उठूनच उभा राहिला. आत गेला अन् दोन्ही हातांनं धरून एक स्पीकर घेऊन आला. परातीएवढा. कुठल्या तरी बंद पडलेल्या टूरिंग टॉकीजचा होता म्हणे.

"मी कवाचा माणूस पाहून राहिलो याच्यासाठी," तो म्हणे. "घेऊन जा. पेटी बनवून आणा, डिक्कीत बसवून द्या. मंग पुढचं बोलू."

आईनं अडकित्ता खाली ठेवला. कप उचलले अन् आत गेली. जातानी माझ्याकडं पाहिलंही नाही. आतल्या दाराआडून मुलीनं मात्र पाहिलं. हसू दाबून पाहिलं. तिले माझं काय हसू आलं ते कळलं नाही, पण त्या हसण्यानं माझं काम तमाम झालं. आता हीच पाहिजे, अन् पेटी बिघडली तं ही गेली.

येतानी बसमध्ये बहीण म्हणे, "तुले स्पीकरची पुढची बाजू कोणती ते तरी ठाव आहे का, भैताडा?"

म्हणलं, "गोल आहे तं. सारीकडून सारखाच."

नागपूरले आल्यावर जेवण जाईना. स्पीकर खाटेखाली ठेवला, तं खाटेवर झोपतानी भेव वाटे का आपल्या वजनानं खाट बसली अन् त्याचा कागद फाटला तं काय करू. खालीच झोपलो, तं वाटे लाथ लागन. बर्डीच्या बाजारात एक रेडिओ दुरुस्तीवाला ओळखीचा होता, त्याले विचारलं. तो म्हणे, "जाड लाकूड घे, मजबूत ठोक. अन् पेटी चारीकडून बंद पाहिजे. मागची हवा पुढं आली का भारी आवाज गेला समज."

मी मान हलवली. माझी मान लवकर हलते, डोकं मागून येते.

पेटी बनवाले बसलो. पुढची फळी जाड, तिले गोल भोक. बाजू पक्क्या. मागची बाजू आली अन् मी अडकलो. आमच्या घरच्या जुन्या रेडिओले मागं पुठ्ठा होता, त्याले भोकंच भोकं. कायले? तापते म्हणून. मंग एवढा मोठा स्पीकर बंद पेटीत तापून जळला तं? दुसऱ्याचा माल. दुरुस्तीवाल्याचं काय, त्याले कुठं लग्न करायचं होतं. मी विचार केला, बंद पेटीत आजवर कोणाचं भलं झालं? अन् विचार करता करता हातानं आपलं काम करून टाकलं. मागच्या फळ्या एक एक बोट फट सोडून ठोकल्या. पेटीवर काळं रेग्झिन लावलं, पण मागून नाही, हवा लागली पाहिजे म्हणून. पेटी ठोकून पाहिली. पेटीवाणी वाजली. मले तेवढंच कळे.

रविवारी पेटी एसटीच्या टपावर बांधली. काटोल येईपर्यंत प्रत्येक गचक्याले माझा जीव टपावर जाये. बहीण म्हणे, "तू पण वरच बस नं बाप्पा, इथं कायले लोकाईले धक्के मारून राहिला."

काटोलले भावानं हौसेनं डिक्की उघडून ठेवली होती. पेटी बसवली, तारा जोडल्या, त्यानं कॅसेट टाकली.

काय सांगू. ढोलक वाजे तवा वाटे कोणी ओल्या पोत्यावर थापटून राहिलं. ढम म्हणून नाहीच. पेटीच्या मागून नुसती फसफस. डिक्कीतल्या धुळीले मात्र आवाज आवडला, ती नाचून राहिली होती.

भावानं डिक्कीत डोकं घालून ऐकलं. मीच म्हणलं, "लाकूड नवीन आहे. आवाजाची सवय व्हाले लागते त्याले."

"किती वेळ लागते?"

"लाकडा-लाकडावर आहे."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, मंग पेटीकडं, अन् "तारच बदलून पाहू" म्हणून चौकातल्या दुकानात गेला. मी डिक्कीत अर्धा आत घुसून नुसताच बसलो. पळावं का, हा विचार आला. पण बहीण आत पोहे खाऊन राहिली होती, तिले सोडून कसा पळू.

मुलगी पाणी घेऊन आली. तिनं पेटीच्या मागं पाहिलं, फटीत बोट घातलं, अन् म्हणे, "हे तं संत्र्याची पेटी आहे."

मी गिलास पेटीवर ठेवला.

"आम्ही मायलेकी बगीच्यात पेट्याच भरतो," ती म्हणे. "संत्रं सडू नये म्हणून फट ठेवतेत. तुमचं इथं काय सडून राहिलं?"

मी म्हणलं, "माझं नशीब."

ती आत गेली. मले वाटलं सांगाले गेली. तं कणकेचा गोळा घेऊन आली, पुऱ्यांसाठी भिजवलेला, घट्ट. "बुजवा लवकर. भाऊ येते." मी एका फटीत, ती दुसऱ्या फटीत, दाबून दाबून कणिक भरली. तिच्या बांगड्या पेटीवर वाजत होत्या अन् मी रस्त्याकडं पाहत होतो.

भाऊ आला. तार बदलली, कॅसेट टाकली. अन् ढम निघाला. असा निघाला का डिक्कीचं झाकण थरथरलं, अंगणातल्या कोंबड्या कुंपणापलीकडं गेल्या अन् घरातल्या फळीवरचे डबे बोलाले लागले. भावानं माझ्या पाठीवर थाप मारली. "जमलं पाव्हणे. तारच खराब होती."

मी म्हणलं, "हाव. तारच." अन् मनात म्हणलं, झालं आपलं लग्न.

तेवढ्यात आई बाहेर आली. "बंद कर ते." भावानं बंद केलं. आई म्हणे, "हे पाहा गा, पाव्हण्याले जेवू घालू, पण मले पोरगी बाजेवाल्याले देणं नाही. लग्नसराईत आठ महिने वरातीमागं फिरतेत हे लोक. हा साऊंड म्हणला, मी त्याच दिवशी मनात ठरवलं होतं."

ज्या पेटीसाठी मी जेवलो नाही, तिनंच मले मारलं. मी म्हणलं, "मी बाजेवाला नाही, मावशी. मी मार्केटात संत्र्याच्या पेट्या ठोकतो."

भाऊ हसला. "घ्या. आता भेव वाटलं तं संत्रे आठवले." बहिणीकडं पाहून म्हणे, "हे खरं आहे का वं, ताई?"

बहीण म्हणे, "आहे नं. पण याचं खरं कोणाले पटत नाही, लहानपणापासून."

आईले पटलंच नाही. जन्मात पहिल्यांदा मी एवढा खरा बोललो अन् कोणी ऐकेना. तवा मुलगी म्हणे, "आई, पेटी मागून पाहा."

आई डिक्कीत वाकली. नखानं कणिक कोरली. फटीत बोट घातलं, दुसऱ्या फटीत घातलं. मंग हातातल्या कणकेकडं पाहिलं. "हे माझी कणिक आहे."

मुलगी जमिनीकडं पाहत होती.

"खोटं काहून बोलला गा?" आईनं मले विचारलं.

"लाज वाटली."

"संत्र्याची लाज वाटते, अन् संत्र्याच्या घरी पोरगी पाहाले येता?"

भाऊ डिक्कीजवळ उभा राहून म्हणे, "आई, ते फट तं बुजव, नाही तं आवाज जाईन पुन्हा."

"पहिले पुऱ्या होऊ दे," आई म्हणे, अन् आत गेली.

जेवाले बसलो. पुऱ्या कमीच होत्या. आतून नुसता तेलाचा आवाज. होकार आहे का नकार, कोणाच्या तोंडावर दिसेना, अन् विचारायची हिंमत माझ्यात नव्हती. पान संपलं. मले वाटलं आता म्हणतीन, बस किती वाजता आहे तुमची.

आई वाटी घेऊन आली. माझ्या हातावर साखर ठेवली.

मी साखरेकडं पाहत राहिलो. म्हणलं, "खाऊ?"

"मंग का खिशात घालता?" ती म्हणे.