लोखंडाची वाकडी रेघ

"स्पिरिट आणा," डेमॉन्स्ट्रेटर सर शिपायाले म्हणाले. आणि साऱ्या वर्गासमोर, मी हात लावलेला यंत्राचा एकेक स्क्रू त्यांनी पुसून घेतला.

मी तिथंच उभा. बी.एस्सी.चं शेवटचं वर्ष. बाप सक्करदऱ्याले घरी मागावर जाडंभरडं कापड विणून मले शिकवत होता. आमची जात कॉलेजच्या यंत्राले चालत नव्हती. जोडीदारानं यंत्र हाताळायचं, मी दूर उभं राहून आकडे लिहायचे. असे दोन वर्षं निमूट लिहिले. त्या दिवशी जोडीदार आला नाही. म्हटलं, आज आपणच करू.

लोखंडाची पातळ पट्टी चुंबकाच्या दोन टोकांत ठेवली. पट्टीतून वीज सोडली. आडव्या अंगानं विजेचा इवलासा दाब निघतो, तो मोजायचा होता. चुंबकाचा जोर वाढवत नेला. दाब सरसर चढला, मग मंदावला. कागदावरची रेघ मधेच वाकली.

सर म्हणाले, "रेघ सरळच यायला हवी. तुझा हात लागला म्हणून बिघडली."

पोरं हसली. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळ्यात वाईट म्हणजे, क्षणभर मले ते खरंच वाटलं.

पुसून झाल्यावर सर स्वतः मोजायले बसले. मी दुरून पाहून राहिलो होतो. काटा सरसर चढला अन् त्याच जागी मंदावला. त्यांनी पुन्हा केलं. पुन्हा तसंच. सरळ रेघ येते ती सोन्याच्या पट्टीची. लोखंड स्वतःच चुंबक होते, त्याचा जोर दाबात मिळते, अन् तो भरला की चढ मंदावते. हे मी मागाहून वाचलं. इथं मात्र सोन्याची रेघ लोखंडाच्या नावानं पोरांच्या जुन्या वहीतून नव्या वहीत उतरत आली होती. ही पट्टी कोणी मोजतच नव्हतं.

सरांनी माझी वही टेबलावरून ढकलली. "सरळ रेघ मार. नाही तर सही नाही."

सही नाही म्हणजे परीक्षा नाही. मी वही तशीच बंद केली.

"सर, तुमच्याही हातानं वाकडीच आली. मी सरळ मारणार नाही."

सही झाली नाही. वर्ष गेलं. घरी सांगितलं तं बापानं माग थांबवला. मग म्हणाला, "आता काय करतं गा?"

म्हटलं, "पुढच्या वर्षी पुन्हा बसतो. माझ्याच हातानं मोजतो. वाकडी आली तं वाकडीच लिहितो."